रुग्ण आणि आरोपी

कीर्तनाला बसलेल्या श्रोत्याला आख्यानाचा शेवट आधीच ठाऊक असतो. खांब दुभंगणार आणि नरसिंह प्रकट होणार, कौरवसभेत द्रौपदीची वस्त्रे संपता संपणार नाहीत, हे मंडपातल्या लहान पोरालाही माहीत असते. तरीही पूर्वरंग संपून आख्यान लागले की श्रोते उठून जात नाहीत, उलट सरसावून बसतात. पुढे काय होणार हे ऐकायला ते आलेले नसतात. ठाऊक असलेली गोष्ट आजचा हरदास कोणत्या अर्थाने सांगतो, हे त्यांना ऐकायचे असते. कथावाङ्मयातील रूढ संकेतांविषयी बोलताना ही गोष्ट विसरून चालत नाही. एखाद्या कथेत ठराविक साचे आढळले की टीकाकार नाक मुरडतो. वास्तविक साचा हा दोषही नव्हे आणि गुणही नव्हे. त्या साच्यात लेखकाने कोणता धातू ओतला, हा खरा प्रश्न आहे.

हा विचार मनात आला तो जेम्स व्हाइट या आयरिश कथाकाराच्या ‘सेक्टर जनरल’ या ग्रंथमालेच्या निमित्ताने. व्हाइट यांचा जन्म १९२८ साली बेलफास्ट येथे झाला आणि १९९९ साली ते निवर्तले. वैद्यकाचे शिक्षण घ्यावे अशी त्यांची इच्छा होती, पण घरची परिस्थिती आड आली. त्यांनी काही वर्षे शिंप्याच्या व्यवसायात काढली, पुढे विमानांच्या कारखान्यात नोकरी केली आणि जे रुग्णालय प्रत्यक्षात वाट्याला आले नाही ते कागदावर उभारले. मालेतील पहिली कथा १९५७ साली ‘न्यू वर्ल्ड्स’ या मासिकात आली. १९६२ साली ‘हॉस्पिटल स्टेशन’ हे पहिले पुस्तक निघाले आणि १९९९ साली बारावे. म्हणजे बेचाळीस वर्षे हा लेखक एकाच रुग्णालयाच्या वाऱ्या करीत राहिला.

हे रुग्णालय आकाशगंगेच्या बाराव्या विभागात, अवकाशात तरंगणारे, ३८४ मजल्यांचे आहे. त्यात नाना ग्रहांवरचे जीव रुग्ण म्हणून येतात आणि नाना ग्रहांवरचेच जीव त्यांच्यावर उपचार करतात. कोणी पाण्यात श्वास घेतो, कोणी क्लोरीन वायूत. कोणाला उकळती वाफ लागते, तर कोणी इतक्या गारठ्यात राहतो की माणसाच्या अंगाची ऊबही त्याला जाळून टाकील. नवा रुग्ण आला की प्रथम त्याचे चार अक्षरांत वर्गीकरण होते. पहिले अक्षर शारीरिक उत्क्रांतीची पायरी सांगते, दुसरे अवयवांची व इंद्रियांची मांडणी, आणि उरलेली दोन त्याचा चयापचय आणि त्याला लागणारे गुरुत्व व दाब. पृथ्वीवरचा माणूस या हिशेबाने ‘डी-बी-डी-जी’ ठरतो. सेवकाने दाराशी ही चार अक्षरे वाचावीत आणि कोणती हवा, किती वजन, किती उष्णता याची तयारी करावी, अशी ही व्यवस्था आहे. ‘तू कोण, कोणाचा?’ हा प्रश्न येथेही विचारला जातो. पण तो विचारला जातो तुला श्वास कसा घेता येईल हे कळावे म्हणून. वर्गवारी माणसे दूर ठेवण्यासाठी कशी वापरली जाते हे आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवायला नको. ती जवळ घेण्यासाठीही वापरता येते, हे पाहून बरे वाटते.

याच संदर्भात भाषेची एक गंमत सांगितली पाहिजे. या रुग्णालयाचा शिष्टाचार असा की परक्या जातीच्या जीवाचा उल्लेख नपुसकलिंगी करावा, कारण त्याचे स्त्रीत्व वा पुरुषत्व आपल्याला काय कळणार? इंग्रजीत हे सर्वनाम थंड आणि निर्जीव वाटते. ते दगडाला लागते, यंत्राला लागते. मराठीत मात्र ‘ते लेकरू’, ‘ते पोर’ म्हणताना वात्सल्य असते, आणि कोंकणीत तर घरच्या मुलीलाही ‘तें’ म्हणतात. इंग्रज वाचकाला हा शिष्टाचार पचवावा लागतो. आपल्या कानाला तो मायेचाच वाटेल.

आता मालेतील ठळक संकेत पाहू. अंतराळातील अद्भुतकथा, जिला इंग्रजीत ‘स्पेस ऑपेरा’ म्हणतात, आणि रुग्णालयाची कथा यांचा हा संकर असल्याने दोन्ही घराण्यांचे संकेत येथे एकत्र नांदतात. अद्भुतकथेचा पहिला संकेत शत्रूचा: दूरच्या ताऱ्यावरून अक्राळविक्राळ प्राणी येतो आणि नायक त्याचा निःपात करतो. रुग्णालयकथेचा पहिला संकेत अपरात्री आलेल्या रुग्णाचा: त्याला काय झाले आहे कळत नाही आणि वेळ थोडा उरलेला असतो. व्हाइट यांनी एकच केले. पहिल्या संकेतातला राक्षस उचलून दुसऱ्या संकेतातल्या खाटेवर निजवला. साऱ्या मालेचे मर्म या एका कृतीत आहे. जो प्राणी अन्य कथेत हल्लेखोर ठरला असता, तो येथे भेदरलेला, जखमी किंवा ज्वराने बरळणारा रुग्ण ठरतो.

‘आउट-पेशंट’ या कथेत लॉनव्हेलिन नावाचा एक दीर्घायुषी जीव येतो. त्याच्या त्वचेला भयंकर विकार झालेला दिसतो आणि आपल्या सहप्रवाशाचा त्याने घात केला असावा, असा संशयही त्याच्यावर असतो. डॉक्टर कॉनवे उपचार करू जातो, तर रुग्णाचे शरीर प्रत्येक उपचार हाणून पाडते. अखेर उलगडा होतो तो असा की त्याच्या शरीरातच बुद्धिमान विषाणूंचा एक समुदाय राहतो आणि तोच त्याचा खासगी वैद्य आहे. ज्याचा खून झाला म्हणून संशय होता, तो सहप्रवासी आरोपीच्या कातडीखाली जिवंत आहे. फौजदारी वकिलाला याहून समाधानकारक निकाल कोणता मिळणार?

दुसरी कथा ‘व्हर्टिगो’ नावाची. अंतराळात एक यान गरगरत चाललेले दिसते. मदतीला धावलेले लोक त्याचे फिरणे थांबवतात आणि त्याच क्षणी आतल्या जीवाला मरणाच्या दारी लोटतात. कारण त्या जातीला हृदय नाही, सतत चाकासारखे गडगडत राहिले तरच तिच्या अंगातले रक्त फिरते. ही कथा पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवावी. उपकार करण्यापूर्वी विचारावे, विचारता येत नसेल तर निदान थांबून पाहावे, हे तिचे सांगणे आहे.

तिसरा संकेत परचित्तज्ञानाचा. इतक्या जातींचे शरीरशास्त्र एका डोक्यात मावणे शक्य नाही. म्हणून डॉक्टरला त्या जातीच्या एखाद्या श्रेष्ठ वैद्याच्या स्मृतींची फीत मनात घ्यावी लागते. आपल्या पुराणपरंपरेत परकायाप्रवेश आहे. येथे परक्याचे चित्तच आपल्या कायेत शिरते. विद्येबरोबर त्या वैद्याच्या आवडीनिवडी, वासना आणि शिसारीही येतात. बिचाऱ्या कॉनवेला आपले नेहमीचे जेवण पाहवत नाही, म्हणून तो पावाच्या दोन कापांत दडवलेले खातो. विनोदाचा हा भाग सोडला तरी मूळ कल्पना सखोल आहे. दुसऱ्याचे दुःख बाहेरून जाणता येत नाही, ते जाणायला स्वतःचे काहीतरी गहाण टाकावे लागते. कित्येक फिती मनात कायमच्या बाळगणारे जे थोर निदानकार या रुग्णालयात आहेत, ते म्हणूनच थोडे भ्रमिष्ट आणि फार एकाकी दाखवले आहेत.

पात्रांच्या बाबतीतही लेखकाचे कसब दिसते. केल्जियन ही सुरवंटासारखी, रुपेरी लवेची जात. मनातला प्रत्येक भाव लवेवर उमटत असल्याने त्यांना खोटे बोलण्याची सोयच नाही, आणि म्हणून ते कमालीचे फटकळ. याच्या उलट प्रिलिक्ला हा किड्यासारखा नाजूक वैद्य. इतरांच्या भावना त्याला थेट जाणवतात, दुसऱ्याचा राग त्याच्या अंगाला झोंबतो. म्हणून समोरच्याला बरे वाटेल तेच तो नेहमी बोलतो. ज्याला खोटे बोलता येत नाही त्याचे सत्य कोणाला रुचत नाही, आणि ज्याला इतरांचे मन कळते तोच सत्याला मुरड घालतो! साक्षीदारांच्या पिंजऱ्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला हे दोघे केवळ कल्पनेतले वाटणार नाहीत.

करड्या वडीलधाऱ्याचा संकेतही आहेच. मानसशास्त्र विभागाचा प्रमुख ओमारा कोणाशी धड बोलत नाही, आणि तो सौम्य बोलू लागला की ऐकणाऱ्याने आपल्या प्रकृतीची काळजी करावी, असा त्याचा लौकिक. अशी पात्रे पुष्कळ मालिकांत असतात. पण व्हाइट यांनी त्याला एक पूर्वचरित्र दिले आहे. ‘मेडिक’ या कथेत रुग्णालयाची बांधणी चालू असताना ओमारा तेथे साधा कामगार असतो. एका अपघातात हडलर जातीचे जोडपे चिरडले जाते आणि ठपका त्याच्यावर येतो. मागे राहिलेले त्यांचे मूल, अर्ध्या टनाचे तान्हे, त्याच्याच खोलीत आणून ठेवतात. त्याच्या अंगावर अन्नाचा फवारा मारायचा, मोठ्या वजनाखाली त्याला ठेवायचे, थोपटायचे म्हणजे बडवायचे. वैद्य जवळ नाही, आणि मूल आजारी पडते. चौकशी प्रलंबित असलेला हा आरोपी रात्रंदिवस ते मूल जगवतो. त्याची योग्यता सिद्ध होते ती जबानीतून होत नाही, शुश्रूषेतून होते. मालेतील उत्तम कथांपैकी ही एक.

सगळेच संकेत लेखकाने असे उजळले आहेत, असे मात्र म्हणता येत नाही. डॉक्टर आणि परिचारिका यांच्या प्रेमाचा संकेत त्यांनी जसाच्या तसा उचलला. मर्चिसन ही परिचारिका असताना केवळ तिच्या रूपासाठी उल्लेखली जाते. पुढे ती कुशल विकृतिशास्त्रज्ञ होते, कॉनवेशी विवाह करते, पण कथेच्या मध्यभागी क्वचितच येते. त्याहून वाईट म्हणजे मालेच्या सुरुवातीच्या भागांत असे गृहीत धरले आहे की स्त्रीचे मन परक्या जातीची फीत सहन करू शकत नाही, म्हणून निदानकाराचे सर्वोच्च पद तिला नाही. बाष्पात राहणाऱ्या जीवाचे मन समजून घेणाऱ्या लेखकाला शेजारच्या खुर्चीवरच्या सहकारिणीचे मन समजू नये, हा दैवदुर्विलास म्हटला पाहिजे. काळाचा दाखला देऊन ही चूक समजावता येते, झाकता येत नाही.

आता ज्या संकेतासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळू. तो म्हणजे नियम मोडणारा आणि अखेर बरोबर ठरणारा डॉक्टर. कोणतीही रुग्णालय-मालिका घ्या, पुस्तकातली वा पडद्यावरची. तिचा नायक वरिष्ठांचे ऐकत नाही, परवानगीची वाट पाहत नाही, आपला तर्क कोणाला सांगत नाही, आणि शेवटच्या क्षणी रुग्ण डोळे उघडतो. कॉनवे याच कुळातला. लॉनव्हेलिनच्या देहातील तो अदृश्य वैद्य हुडकण्यासाठी तो शस्त्रक्रियेऐवजी लाकडाचा एक टोकदार खुंट घेऊन रुग्णावर चालून जातो. धन्यावरचा प्रहार अडवायला विषाणू एकवटतात आणि कॉनवेचे अनुमान खरे ठरते. वाचक टाळी वाजवतो. परंतु अनुमान चुकले असते तर? त्या रुग्णाच्या संमतीचे काय?

कायद्याने या टाळीत सामील होण्याचे नाकारले आहे. तपासणीसाठी दिलेली संमती ही उपचारासाठी दिलेली संमती नव्हे, आणि जीव वाचवण्याची तातडी नसताना केवळ रुग्णाच्या हिताचे वाटले म्हणून डॉक्टरने पुढे जाऊ नये, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केले. त्याहून जुनी आणि मार्मिक गोष्ट १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५२ मध्ये होती. योग्य काळजी आणि लक्ष यांवाचून केलेली कोणतीही गोष्ट सद्भावनेने केली असे म्हणता येणार नाही, असे ते कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ही व्याख्या राखली आहे. म्हणजे मनातली कळकळ पुरेशी नाही. कळकळीला काळजीची जोड नसेल तर कायदा तिला सद्भावना हे नावच देत नाही.

व्हाइट यांचे मोठेपण असे की हा खटला त्यांनी स्वतःच आपल्या आवडत्या संकेतावर चालवला. १९९२ साली आलेली ‘द जेनोसायडल हीलर’ ही कादंबरी म्हणजे तो खटला होय. लिओरेन हा अत्यंत बुद्धिमान आणि तितकाच मानी शल्यवैद्य. क्रोमसॅग या ग्रहावरचे लोक महारोगाने मरत आहेत आणि मरता मरता एकमेकांशी झुंजत आहेत, असे मदतीला गेलेल्यांना दिसते. रुग्णालयात औषध तयार होते, त्याच्या चाचण्या चालू असतात. इकडे रोज माणसे मरत आहेत आणि तिकडे चाचण्या संपत नाहीत, हे लिओरेनला असह्य होते. तो थांबत नाही. सर्वांना एकदम औषध देतो. रोग हटतो आणि बरे झालेले लोक एकमेकांवर तुटून पडतात. त्या झुंजींचा त्या रोगाशी असलेला संबंध कोणी ओळखलेलाच नव्हता. एक संपूर्ण समाज जवळजवळ नामशेष होतो.

कॉनवेने जे केले तेच लिओरेनने केले. तीच हुशारी, तीच अधीरता, तोच करुणेचा पुळका. फरक एवढाच की कथाकाराने या वेळी नियतीला त्याच्या बाजूने उभे केले नाही. ‘व्हर्टिगो’मधली लहानशी चूक येथे ग्रहाएवढी झाली. पस्तीस वर्षे जो संकेत वाचकाला सुखावत आला, त्याच्यातला धोका लेखकाने असा उघडा करून दाखवला.

कादंबरीचा आरंभ न्यायालयात होतो. लिओरेन स्वतःसाठी मृत्युदंड मागतो; न्यायालय तो देत नाही आणि त्याला ओमाराच्या हाती सोपवते. मालेत आजवर आरोपी रुग्ण ठरत आला, पण येथे प्रथमच वैद्य आरोपी झाला आहे आणि त्यालाही कोणीतरी रुग्ण मानावे लागणार आहे. ओमारा त्याचे सांत्वन करीत नाही, त्याला काम देतो. मरणोन्मुख मॅनन या जुन्या वैद्याजवळ लिओरेन बसतो. हेलिशोमार नावाचा महाकाय, कोवळ्या वयाचा रुग्ण कोणाशी बोलत नाही, तो लिओरेनशी बोलू लागतो. त्या बोलण्यातून अपराध, क्षमा आणि ईश्वर यांचे प्रश्न निघतात. लिओरेन स्वतः श्रद्धाळू नाही, तरी त्या रुग्णासाठी तो नाना जातींच्या धर्मांचा अभ्यास करतो. विश्वासाने सांगितलेले गुपित वरिष्ठांनी मागितले तरी तो देत नाही. आपल्याकडे अशिलाचे गुपित राखण्याचे संरक्षण पुराव्याच्या कायद्याने वकिलाला आहे, वैद्याला नाही. म्हणूनच की काय, लिओरेनची ही मूक बाणेदार भूमिका मनात घर करते. पुढील पुस्तकांत रुग्णालयातले लोक त्याला ‘पाद्री’ म्हणू लागतात.

दंड आणि प्रायश्चित्त यांतला भेद आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी ओळखला. दंड राजा देतो, प्रायश्चित्त अपराध्याने स्वतः आचरायचे असते. दंड भोगला की हिशेब संपतो. मृत्युदंड मागणाऱ्या लिओरेनला नेमका हिशेब संपवायचा होता, आणि न्यायालयाने त्याला तीच सवलत नाकारली. ज्यांचा जीव गेला त्यांना त्याच्या मरणाने काही मिळणार नव्हते. त्याच्या जगण्याने दुसऱ्या कोणाला काही मिळण्याचा संभव होता. हा निवाडा मृदू आहे असे ज्याला वाटते, त्याने ती कादंबरी शेवटपर्यंत वाचावी. त्या अपराध्याला ‘तू निर्दोष आहेस’ असे कोणीही म्हणत नाही.

एक आक्षेप मात्र विचारात घ्यावाच लागेल. सगळे आरोपी जर रुग्णच निघत असतील, तर जगात दुष्टपणा नाहीच काय? प्रत्येक हल्ल्यामागे भीती, प्रत्येक क्रौर्यामागे गैरसमज, असे म्हणणे सोपे आणि गोड आहे. ‘स्टार सर्जन’ या १९६३ च्या कादंबरीत एक साम्राज्य रुग्णालयावरच चालून येते. डॉक्टर आपल्या जखमींबरोबर शत्रूच्या जखमींनाही उपचार देत राहतात. पण त्या सैनिकांनाही त्यांच्या शासकांनी खोटे सांगून फसवलेले असते, असा खुलासा आहेच. जाणूनबुजून, शांत डोक्याने, लाभासाठी दुसऱ्याचे वाईट करणारा मनुष्य या रुग्णालयाच्या दाराशी फारसा येत नाही. न्यायालयात तो रोज येतो. हा मालेचा उणेपणा आहे, आणि बारा पुस्तके ओळीने वाचणाऱ्याला ‘शेवटी गैरसमजच निघणार’ हा अंदाज कंटाळाही आणील.

पण हा लेखक कोठे बसून लिहीत होता, हेही पाहावे. १९६९ पासून बेलफास्टच्या गल्ल्यांतून शेजारी शेजाऱ्याचा जीव घेत होते. समोरचा कोण हे नावावरून, आडनावावरून, वस्तीवरून ठरत होते आणि ते ठरले की पुढचे विचारायचे काही उरत नव्हते. त्या शहरातला एक कॅथलिक, युद्धाचा तिटकारा असलेला गृहस्थ, दाराशी आलेल्याला प्रथम ‘तुला श्वास कसा घेता येईल?’ असे विचारणाऱ्या वास्तूविषयी वर्षानुवर्षे लिहीत राहिला. त्याला दुष्टपणा ठाऊक नव्हता असे कोण म्हणेल? त्याने आपल्या कथेत दुष्टपणाला नायकत्व दिले नाही, एवढेच.

कायदा आरोपीला दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानतो. व्हाइट त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन त्याला निदान होईपर्यंत रुग्ण मानतात, आणि लिओरेनच्या कथेत वैद्यालाही त्याच खाटेवर निजवून आपला न्याय पुरा करतात. ज्यांना ही माला चाळून पाहायची असेल त्यांनी ‘हॉस्पिटल स्टेशन’पासून आरंभ करावा, मधली दोन-तीन पुस्तके सवडीने वाचावीत आणि ‘द जेनोसायडल हीलर’ मात्र चुकवू नये. घाईने केलेला उपकार आणि सावकाश केलेली सेवा यांतला फरक इतक्या निःसंकोचपणे सांगणारी अद्भुतकथा क्वचितच वाचायला मिळते.